अर्धशिशी, बाम आणि गोळी : डोकेदुखीच्या उपचारांचा इतिहास

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं आणि सोबत एक सूचनाही केली : "तुम्ही औषधाच्या दुकानात आयुष्य काढलंत, तेव्हा आरोग्याबद्दलच लिहा. पण उपदेश नको, जरा इतिहास येऊ द्या." विषय शोधायला फार लांब जावं लागलं नाही. या पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी, पार्किंग, गच्चीची गळती आणि दरवर्षीची सर्वसाधारण सभा अशा बऱ्याच डोकेदुख्या आपण एकत्र सोसल्या. त्यांचे उपाय इतिवृत्तात नोंदलेले आहेत. मी लिहिणार आहे ते खऱ्याखुऱ्या डोकेदुखीबद्दल. ती आपल्या प्रत्येक घरात आहे आणि तिचं इतिवृत्त कोणी ठेवत नाही.

गुहागरच्या बाजारपेठेत १९७९ पासून पुढची पस्तीस वर्षं मी औषधाच्या काउंटरमागे उभा होतो. मी डॉक्टर नव्हे. औषधं देणारा माणूस. पण या काउंटरवर एक वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल : "डोकं उठलंय, एक गोळी द्या." ताप असेल तर लोक किती आहे ते सांगतात, खोकला असेल तर सुका की ओला ते सांगतात. डोकं दुखत असेल तर मात्र नुसती गोळी मागतात. वास्तविक आपली मराठी भाषा याबाबतीत फार हुशार आहे. डोकं ठणकतं, जड होतं, भणभणतं, चढतं, धरतं, आवळल्यासारखं होतं, अर्धंच दुखतं. इतके शब्द आपल्याकडे आहेत, कारण इतक्या तऱ्हेची डोकेदुखी आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. डोकेदुखीच्या उपचारांचा इतिहास वाचताना मला हेच सारखं दिसत राहिलं. ज्या ज्या वेळी माणसाने 'कोणती डोकेदुखी?' हा प्रश्न विचारला, त्या त्या वेळी उपचार पुढे सरकले. ज्या वेळी तो प्रश्न विसरून सगळ्यांना एकच औषध दिलं, त्या वेळी नवी दुखणी उभी राहिली.

सुश्रुताचे अकरा प्रकार

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांत डोकेदुखीला वेगळं स्थान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय शिरोरोगांपासूनच सुरू होतो आणि त्यात पाच प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ती संख्या अकरावर जाते. वात, पित्त, कफ यांच्या नावाचे प्रकार आहेतच, पण शेवटचे काही प्रकार आजही वाचताना थक्क व्हायला होतं. 'सूर्यावर्त' म्हणजे सूर्य वर चढेल तसं वाढणारं आणि दुपारनंतर उतरणारं दुखणं. सायनसचा त्रास असलेल्या माणसाला विचारा, तो हेच वर्णन करील. 'अर्धावभेदक' म्हणजे डोक्याचा अर्धा भाग फोडल्यासारखा दुखणं. हे दुखणं पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतं, असंही सुश्रुतात नोंदलेलं आहे. हीच आपली अर्धशिशी, हीच डॉक्टरांची मायग्रेन. गंमत म्हणजे या दोन्ही शब्दांचा अर्थही एकच आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने या दुखण्याला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असं नाव दिलं. ते झिजत झिजत फ्रेंचमधून 'मायग्रेन' झालं. इकडे 'अर्धशीर्ष' झिजून 'अर्धशिशी' झालं.

चरकाने कारणांची यादी दिली आहे, ती तर आजच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे. नैसर्गिक वेग अडवून धरणं, दिवसा झोपणं, रात्री जागणं, मद्य, मोठ्याने बोलणं, दव, समोरचा वारा, न सोसणारा वास, धूळ, धूर, ऊन, रडणं. आज मायग्रेनच्या रुग्णाला डॉक्टर जी यादी देतात, त्यात यातल्या बहुतेक गोष्टी सापडतात. शिमग्यात पालखीबरोबर रात्रभर जागलेल्या, ढोल ऐकलेल्या, धुपाच्या धुरात उभं राहिलेल्या आणि उपास धरलेल्या माणसाचं डोकं दुसऱ्या दिवशी का ठणकतं, याचं उत्तर या यादीत आहे.

हे ग्रंथ आधी मूठभर वैद्यांपुरते होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या छापखान्यांनी ते बाहेर आणले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेला वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ १८८० साली छापून आला. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' तर सामान्य घरांत पोहोचला. वनस्पती, मसाले आणि त्यांचे घरगुती उपयोग मराठीत सांगणारं हे पुस्तक कोकणातल्या कित्येक घरांच्या फडताळात असायचं. औषधं तयार करून विकण्याचा उद्योगही याच काळात उभा राहिला. पनवेलला १८७२ साली सुरू झालेल्या कारखान्याने नाव घेतलं ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, राजापूरजवळच्या धूतपापेश्वराचं.

सहाण, सुंठ आणि अंधारं माजघर

ग्रंथ असोत वा नसोत, घरातला उपचार चालूच होता. आपल्यातल्या साठीपुढच्या मंडळींना तो आठवत असेल. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला गरम लेप. उन्हाने डोकं चढलं असेल तर चंदन. सर्दीने जड झालं असेल तर वेखंड. झोप नसेल तर जायफळ. नाकात तुपाचे दोन थेंब, टाळूवर खोबरेल, कपाळाला घट्ट आवळलेलं फडकं आणि माजघरातला अंधार. शेवटी दृष्ट काढून मीठ-मोहरी चुलीत. काही गावांत सूर्य उगवायच्या आत अर्धशिशी 'उतरवून' देणारे जाणते असत.

या सगळ्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर त्यात निवड आहे. उन्हाला चंदन आणि सर्दीला वेखंड, म्हणजे आजीने आधी 'कोणती?' हे विचारलं आहे. काही उपायांमागची कारणंही आता कळली आहेत. सुंठीच्या लेपाची उष्णता आणि चुरचुर कातडीला जाणवते, तेव्हा दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचताना अडतो. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली हे तत्त्व मांडलं. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो आणि स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप दुखण्याच्या निरोपांना तिथे अडवतात. म्हणूनच आपला हात आपोआप कपाळ चेपायला जातो. फडकं आवळल्याने शिरा दाबल्या जाऊन ठणका जरा उतरतो. अंधारी खोली तर आजही मायग्रेनवरचा पहिला उपाय आहे.

आणखी एक गोष्ट या जुन्या उपायांबद्दल ध्यानात ठेवायला हवी. मायग्रेनचा झटका साधारण चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो आणि मग आपोआप ओसरतो. त्यामुळे ओसरण्याच्या आधी जो उपाय केला असेल, त्याला सगळं श्रेय मिळतं. तिसऱ्या दिवशी पहाटे उतरवणाऱ्याकडे गेलेल्या बाईची अर्धशिशी त्या दिवशी उतरणारच होती. इतके नाना उपाय शेकडो वर्षं टिकले, याचं हे एक कारण.

आणि 'बाई' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होते. मासिक पाळीच्या दिवसांत संप्रेरकांचं प्रमाण खाली येतं, तेव्हा ती उठते. आता त्यात चुलीचा धूर, उपास आणि पहाटे उठून रात्री शेवटी झोपणं घाला. अशी बाई डोक्याला फडकं बांधून वैल सांभाळत राहायची आणि घरातले म्हणायचे, "हिचं नेहमीचंच." दुखणं वर्षानुवर्षं आहे, म्हणजे ते खरं नाही, असा हा विचित्र न्याय. तो न्याय अजून पुरता गेलेला नाही, हे मी काउंटरवरून पाहिलं आहे. बायका स्वतःसाठी गोळी मागताना आवाज खाली आणतात.

आगबोटीतून आलेली डबी

सहाण मागे पडायला सुरुवात झाली ती मुंबईमुळे. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या तरुणाने मुंबईत एक पिवळा बाम करून विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं अमृतांजन. गाण्याच्या बैठकांना येणाऱ्या लोकांना ते हा बाम फुकट वाटत. जागरण, गर्दी आणि दिव्यांचा धूर यांनी डोकं धरलेल्या श्रोत्यांच्या हातात नेमकी त्याच वेळी डबी ठेवणं, ही जाहिरातीची कल्पना आजच्या मोठमोठ्या कंपन्यांनीही शिकावी अशी आहे. त्या बामाच्या कमाईवर त्यांनी १९०८ साली मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढलं आणि पुढे ते स्वातंत्र्यलढ्यातले मोठे पुढारी झाले. १९१० साली मुंबईतच झंडू फार्मास्युटिकल वर्क्सची स्थापना झाली आणि पुढे त्यांचाही बाम घरोघरी गेला.

गिरगाव-परळच्या चाळींतून राहणारे आपले चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आगबोटीने दाभोळ बंदरात उतरायचे. त्यांच्या ट्रंकेत मुंबईच्या ज्या वस्तू असत, त्यांत बामाची डबी असेच. उगाळायला नको, लेप वाळायची वाट बघायला नको आणि प्रवासात खिशात मावणारी. पुढे बामाचं नाव इतकं रुळलं की मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटातला ब्रिटिशकालीन पूल त्यावरच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' म्हणूनच ओळखला गेला. त्या पुलाखाली वाहनांच्या रांगेत तासन् तास अडकून किती जणांची डोकी दुखली असतील, त्याचा हिशेब नाही. एप्रिल २०२० मध्ये तो पूल पाडला, पण नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

बामात असतं तरी काय? मुख्यतः पुदिन्यापासून मिळणारं मेंथॉल, कापूर आणि गंधपुऱ्याचं तेल. मेंथॉल कातडीला खरोखर थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंचं बटण ते दाबतं आणि आपल्याला गार वाटतं. हे बटण २००२ साली सापडलं आणि ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताणाने येणाऱ्या डोकेदुखीवर कपाळाला लावलेलं पेपरमिंटचं तेल पॅरासिटामॉलच्या गोळीइतकंच उपयोगी पडलं होतं. तेव्हा बाम चोळणाऱ्या आजोबांना हसू नका. मात्र लहान बाळांच्या नाकाजवळ कापूर-मेंथॉलचा बाम लावू नये, त्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो.

पांढरी गोळी

बामातलं गंधपुऱ्याचं तेल आणि ॲस्पिरिनची गोळी ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. त्या घराण्याचं मूळ नाव सॅलिसिलेट, आणि ते आलं 'सॅलिक्स' म्हणजे वाळुंजाच्या झाडावरून. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ साली वाळुंजाच्या सालीची पूड हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि गुण येतो असं रॉयल सोसायटीला कळवलं. सालीतला अर्क पोटाला फार झोंबायचा. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली त्याचं सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केलं. १८९९ साली ते ॲस्पिरिन नावाने बाजारात आलं. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा ऑस्ट्रेलियात तीच गोळी 'ॲस्प्रो' नावाने निघाली आणि पुढे आपल्याकडेही आली. ही गोळी नेमकं काय करते, हे मात्र जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं. शरीरातली दाह वाढवणारी रसायनं तयार होण्याची प्रक्रियाच ती रोखते. म्हणजे जगाने सत्तरएक वर्षं ही गोळी न समजता घेतली.

मी कामाला लागलो तेव्हा सरकारी दवाखान्यात 'एपीसी' नावाची गोळी सर्रास मिळायची. ए म्हणजे ॲस्पिरिन, पी म्हणजे फेनॅसेटिन, सी म्हणजे कॅफीन. डोकं, अंग, दाढ, ताप, काहीही असो, एपीसी. म्हातारी माणसं सांगत, "ती गोळी घेतली की कसं हुशार वाटतं." वाटणारच! त्यात कॅफीन होतं. यातल्या फेनॅसेटिनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्यासाठी धडा आहे.

स्वीडनमध्ये हुस्कव्हार्ना नावाचं कारखान्याचं गाव आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरांनी फेनॅसेटिन, फेनॅझोन आणि कॅफीन यांची पूड कामगारांना दिली. साथ गेली, पण पुडी राहिली. कामाला जोर यावा, डोकं हलकं राहावं म्हणून लोक ती रोज, वर्षानुवर्षं घेत राहिले. पुढे त्या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली. स्वित्झर्लंडमध्येही घड्याळांच्या कारखान्यांतल्या कामगारांत १९५० च्या सुमारास हेच दिसलं. दोन्हीकडे माणसं कष्टकरी होती आणि औषध 'साधं' होतं. भारतात फेनॅसेटिनवर १९८३ साली बंदी आली.

त्याची जागा घेतली पॅरासिटामॉलने. हे औषध उपचारात पहिल्यांदा वापरलं गेलं ते १८९३ साली, म्हणजे अमृतांजन निघालं त्याच वर्षी. पण गैरसमजातून ते पन्नास वर्षं बाजूला पडलं. १९४८ साली ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की फेनॅसेटिन शरीरात गेल्यावर त्याचं पॅरासिटामॉल होतं आणि दुखणं थांबवतं ते हे पॅरासिटामॉलच. मग सरळ तेच का देऊ नये? आज जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. प्रमाणात घेतलं तर सुरक्षित, पण प्रमाण ओलांडलं तर यकृताला घातक. निरोगी प्रौढ माणसानेही दिवसभरात चार ग्रॅमच्या, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांच्या, पुढे कधीही जाऊ नये. रोज दारू घेणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, हे मोजताना बरेच जण विसरतात.

अर्धशिशीचं कोडं

मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फ यांनी, भूल न देता चाललेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या वेळी, कुठे स्पर्श केला की दुखतं याच्या नोंदी केल्या. मेंदूच्या गाभ्याला काही कळत नव्हतं. दुखत होतं ते त्याभोवतीच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. चेहऱ्याच्या आणि मानेच्या नसा हे दुखणं मेंदूपर्यंत नेतात. म्हणूनच डोकं, डोळा, दात आणि मान यांच्या दुखण्याचा एकमेकांत घोळ होतो.

मायग्रेनवरचं पहिलं नेमकं औषध राय या धान्यावर पडणाऱ्या बुरशीतून आलं. तिच्यातून १९१८ साली एर्गोटामाइन वेगळं काढलं गेलं आणि १९२६ च्या सुमारास ते मायग्रेनला देऊ लागले. १९६० च्या दशकात छातीच्या दुखण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णाची मायग्रेनही कमी झाल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं, आणि झटका येऊच नये म्हणून रोज घेण्याचं औषध हाती लागलं. १९९१ मध्ये ट्रिप्टान गटातलं पहिलं औषध युरोपात आलं. २०१८ मध्ये, मायग्रेनमध्ये वाढणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रसायनालाच अडवणारी इंजेक्शनं निघाली. ती महाग आहेत, पण त्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली. मायग्रेन हे नाटक नाही, स्वभाव नाही, नाजूकपणा नाही. तो मेंदूतल्या आणि नसांमधल्या घडामोडींचा आजार आहे. डोक्याला फडकं बांधून वैल सांभाळणाऱ्या त्या साऱ्या बायकांना हे प्रमाणपत्र मिळायला फार उशीर झाला.

१९८८ साली जगभरच्या डॉक्टरांनी मिळून डोकेदुखीचं पहिलं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. सुश्रुताचे अकरा प्रकार होते, इथे पोटप्रकार धरून शंभरावर गेले. प्रश्न मात्र तोच : कोणती?

गोळीनेच दुखणारं डोकं

त्या वर्गीकरणात एक प्रकार असा आहे जो सुश्रुताला माहीत असणं शक्य नव्हतं. तो आहे औषधांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली किंवा ट्रिप्टानची गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की डोकं त्या गोळीलाच सरावतं. तिचा अंमल उतरला की दुखायला लागतं. मग पुन्हा गोळी.

आमच्या दुकानात दूरच्या गावाहून एक ताई यायच्या. सुरुवातीला महिन्याला एक पाकीट न्यायच्या, मग पंधरवड्याला, मग आठवड्याला. बरोबर नातू असायचा. एकदा मी विचारलं, "ताई, घरात कोणाकोणाला लागतात इतक्या?" त्या म्हणाल्या, "मलाच. सकाळी उठतानाच डोकं धरलेलं असतं. गोळी घेतल्याशिवाय भाकरी थापता येत नाही." मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या आणि मायग्रेन येऊ नये यासाठीचं औषध सुरू केलं. पहिले दहा-बारा दिवस त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. दोनेक महिन्यांनी त्या आल्या त्या नातवासाठी खोकल्याचं औषध न्यायला. "महिन्यातून दोनदा दुखतं आता," म्हणाल्या, "पण मधले दिवस माझे असतात." पस्तीस वर्षांत ऐकलेलं हे वाक्य मी विसरलेलो नाही.

पावसाळ्यातली डोकेदुखी

आता आपल्या कोकणापुरतं एक सांगायलाच हवं. जुलैमध्ये, लावणीच्या दिवसांत, एक तरुण काउंटरवर आला. डोकं फुटायला आलंय, अंगात कणकण, गोळी द्या. डोळे लाल होते. मी विचारलं, "पोटऱ्या दुखतात?" म्हणाला, "चालवत नाही." गोळी न देता त्याला सरळ दवाखान्यात पाठवलं. लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमांतून किंवा भेगांतून शरीरात शिरतात. वेळेवर साधी प्रतिजैविकं मिळाली तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत जातं. त्याला गोळी दिली असती तर दोन दिवस बरं वाटलं असतं, आणि तेच दोन दिवस महाग पडले असते. तेव्हा पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी एकत्र आली तर डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूचीही शक्यता असते, म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नका.

पुढच्या प्रसंगी तर काउंटरवरही थांबू नये :

• आयुष्यात कधी नव्हे अशी, क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी.
• डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठ होणं, ग्लानी किंवा फिट.
• हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं.
• डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं.
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. विशेषतः कानशिलं दुखणं आणि दृष्टी अंधूक होणं.
• गरोदरपणातली जोराची डोकेदुखी. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते.

अशा वेळी १०८ ला फोन करा. आपल्याकडून चिपळूण किंवा डेरवण गाठायला वेळ लागतो, म्हणून 'सकाळी बघू' असं म्हणू नये. आपल्या इमारतींत एकटे राहणारे ज्येष्ठ बरेच आहेत. मुलं मुंबई-पुण्याला, काही परदेशात. शेजाऱ्याने दार वाजवून चौकशी करणं, ही आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षांची कमाई आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते.

कॅलेंडरवरची फुली

बाकीच्या, म्हणजे वरचेवर होणाऱ्या पण जिवावर न बेतणाऱ्या डोकेदुखीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला आहे. दुधाचा खाडा, गॅसची तारीख आणि एकादशी आपण कॅलेंडरवर बघतो, लिहितो. त्याच चौकटीत डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली मारा. गोळी घेतली तर फुलीला गोल करा. बाजूला एखादा शब्द : उपास, जागरण, ऊन, पाळी, भांडण, प्रवास, मोबाइल. आणि दुखणं कसं होतं ते आपल्या मराठीत लिहा : ठणका, जड, आवळल्यासारखं, अर्धं. तीन महिन्यांनी ते पान काढून डॉक्टरांकडे न्या. महागड्या तपासण्यांआधी डॉक्टरांना जे हवं असतं, ते त्या पानावर असेल. गोल केलेल्या फुल्या महिन्यात दहाच्या वर दिसल्या, तर गोळीचाच विचार करायची वेळ आली असं समजा. चष्म्याचा नंबर, वेळेवर जेवण, पुरेसं पाणी आणि पुरेशी झोप यांची आठवणही ते पानच करून देईल.

माझी एक सूचना कार्यकारिणीने विचारात घ्यावी. पुढच्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर मोजतोच, तसा एक तास डोकेदुखीसाठी ठेवावा आणि येताना प्रत्येकाने कॅलेंडरची पानं आणावीत. मुख्यतः आपल्या घरातल्या बायकांनी यावं, आणि घरातल्या पुरुषांनी त्या दिवशीची भाकरी आपण थापावी.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. घरात कोणी "डोकं दुखतंय" म्हणालं, तर गोळीचं पाकीट पुढे करण्याआधी एवढंच विचारा : "कसं दुखतंय?"